गिल्ड वॉर्स २: पहिलं कॅरेक्टर आणि त्याचं नाव

ऑनलाइन फँटसी गेममध्ये नवा आलेला माणूस लढाईत फारसा अडत नाही. तो अडतो नावाच्या रिकाम्या चौकटीपाशी. चेहरा, केस, कपड्यांचा रंग सगळं मनासारखं जमलेलं असतं, खाली कर्सर लुकलुकत असतो आणि डोक्यात काहीच येत नाही. मग घाईघाईत स्वतःचं नाव, त्यापुढे एखादं अक्षर जास्तीचं, किंवा कुठल्यातरी प्रसिद्ध हिरोचं नाव मोडून-तोडून टाकलं जातं. दोन महिन्यांनी ते नाव डोक्यावर मिरवताना जीव अवघडतो.

हा लेख ‘गिल्ड वॉर्स २’ या गेमबद्दल आहे. मी तो बरीच वर्षं खेळतोय आणि नव्या मराठी मुलामुलींना सुरुवात करून देतो. माझं सांगणं एवढंच की नावाची घाई करू नका. आधी थोडं खेळा, आपण कोण होऊन खेळणार आहोत ते कळू द्या, मग नाव ठेवा. खुद्द गेमसुद्धा तेच सुचवतो. कॅरेक्टर बनवताना रेस (म्हणजे वंश), प्रोफेशन (म्हणजे लढायचा पेशा), चेहरामोहरा आणि पूर्वायुष्याचे प्रश्न हे सगळं झाल्यावर अगदी शेवटच्या पानावर तो नाव विचारतो.

हाच गेम का

अरीनानेट या अमेरिकन स्टुडिओने हा गेम २८ ऑगस्ट २०१२ रोजी आणला. याला मासिक वर्गणी नाही. २०१५ पासून मूळ गेम मोफत आहे, आणि पुढची विस्तार-पॅक (गेममध्ये नवे प्रदेश आणि कथा जोडणारी) एकदा विकत घेतली की कायमची तुमची. दर महिन्याला कार्डावरून पैसे कापले जाणं आपल्याकडे अनेकांना परवडत नाही आणि आवडतही नाही. चार महिने परीक्षा आली, गेम बंद ठेवला, तरी काही बुडत नाही. परत आलात की कॅरेक्टर जिथे सोडलं होतं तिथेच उभं असतं.

दुसरं कारण स्वभावाचं. इथे दुसरा खेळाडू तुमचा घास पळवत नाही. एका राक्षसावर दहा जणांनी घाव घातले तर ज्यांनी नीट हातभार लावला त्या सगळ्यांना बक्षीस मिळतं. त्यामुळे अनोळखी माणूस शेजारी आला की आनंद होतो. नवख्याला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

गेम फक्त पीसीवर चालतो आणि मराठीत नाही, म्हणून भाषा इंग्रजी ठेवावी लागते. डाउनलोड मोठं आहे, पण सगळं उतरायची वाट न बघता खेळायला सुरुवात करता येते.

खातं उघडताना

इथे घेतलेले निर्णय नंतर बदलणं जड जातं, म्हणून पाच मिनिटं जास्त द्या.

पहिला निर्णय स्टीमचा, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा. गेम थेट अरीनानेटच्या साइटवरून घेता येतो, आणि २०२२ पासून स्टीमवरूनही. पण ही दोन वेगळी खाती. अरीनानेटवर उघडलेलं खातं नंतर स्टीमला जोडता येत नाही, आणि स्टीमवर सुरू केलंत तर विस्तार-पॅकही स्टीमवरूनच घ्यावी लागतात. स्टीमवर रुपयांत पैसे भरायची सवय असेल, सवलतीची वाट बघायची तयारी असेल, तर स्टीम घ्या. काहीही घ्या, पण मित्रांना विचारून आणि एकदाच ठरवून.

दुसरा निर्णय प्रदेशाचा, म्हणजे उत्तर अमेरिका की युरोप. भारतातून खेळणाऱ्याने बहुतेक वेळा युरोप घ्यावा. अंतर कमी, म्हणून पिंग (सर्व्हरकडे संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) कमी, म्हणून उडी मारायचं बटण दाबल्यावर उडी वेळेत पडते. अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा मैत्रीण आधीपासून तिथल्या सर्व्हरवर खेळत असेल तर मात्र त्यांच्याबरोबर जा. थोडा उशीर सहन होतो, एकट्याने खेळणं सहन होत नाही.

तिसरं, खात्याचं नाव. हे कॅरेक्टरच्या नावापेक्षा वेगळं आहे. तुम्ही निवडलेल्या शब्दाला टिंब आणि चार आकडे जोडून ते तयार होतं. मित्रांच्या यादीत आणि गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मंडळात, हेच दिसतं, मग तुम्ही कुठलंही कॅरेक्टर घेऊन आलेले असा. म्हणून यात स्वतःचं पूर्ण नाव, आडनाव, जन्मसाल, गाव यांतलं काही घालू नका. घरात शाळकरी मूल खेळणार असेल तर हे पालकांनी शेजारी बसून बघावं.

पहिलं कॅरेक्टर चाचणीचं

मोफत खात्यावर दोन कॅरेक्टरची जागा मिळते. ती अशी वापरा: पहिली जागा चाचणीला, दुसरी खऱ्या कॅरेक्टरला. चाचणीच्या कॅरेक्टरला कुठलंही बिनमहत्त्वाचं नाव द्या. मनात एखादं लाडकं नाव आधीच असेल तर ते इथे खर्च करू नका.

रेस पाच आहेत. ह्यूमन म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी माणसं. चार्र हे शिंगं असलेले, मांजरकुळातले धिप्पाड सैनिक. नॉर्न बर्फाळ डोंगरात राहणारे उंचेपुरे शिकारी. सिल्वारी झाडापासून जन्मलेले, अंगावर पानं आणि साली असलेले. आणि असुरा. नाव ऐकून पुराणातले असुर डोळ्यांपुढे येतील, पण हे जेमतेम कमरेएवढे, लांब कानांचे शास्त्रज्ञ आहेत आणि आपल्याहून हुशार कोणी नाही अशी त्यांची खात्री आहे.

रेसमुळे ताकदीत फरक पडत नाही. फरक पडतो तो सुरुवातीच्या प्रदेशात, कथेत आणि दिसण्यात. म्हणून जी आवडेल ती घ्या, पण चाचणीसाठी मी ह्यूमन सुचवेन, कारण क्वीन्सडेल हा त्यांचा प्रदेश नवख्यांनी गजबजलेला असतो.

प्रोफेशन नऊ. त्यांतलं रेव्हेनंट विकत घेतलेल्या पॅकबरोबरच मिळतं, म्हणजे मोफत खात्यावर आठ. पहिल्यांदाच अशा प्रकारचा गेम खेळत असाल तर रेंजर किंवा नेक्रोमॅन्सर घ्या. रेंजरबरोबर पाळलेला प्राणी असतो, नेक्रोमॅन्सरला नोकर-भुतं उभी करता येतात. शत्रूचं लक्ष त्यांच्याकडे जातं आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. एलिमेंटलिस्ट हा जादूगार दिसायला सगळ्यात देखणा, पण अंगाने नाजूक. तो दुसऱ्या कॅरेक्टरसाठी राखून ठेवा.

पहिली संध्याकाळ

ह्यूमन कॅरेक्टर शेमूर नावाच्या खेड्याजवळ उतरतं. सेंटॉर, म्हणजे अर्धे घोडे अर्धी माणसं, खेड्यावर चालून आलेले असतात. तुम्हाला काही कळायच्या आत लोक पळत असतात, बाण सुटत असतात, आणि आजूबाजूला तुमच्यासारखेच दहा नवखे भलत्याच दिशेला तलवार चालवत असतात. गोंधळून जाऊ नका. हिरवी खूण दाखवेल तिकडे जा. शेवटी जमिनीतून मातीचे प्रचंड हात वर येतात, ते पाडले की ही शिकवणी संपते आणि खरा क्वीन्सडेल उघडतो.

आता हळू व्हा. पुढच्या तासाभरात तीन गोष्टी हाताला बसवायच्या आहेत.

एक, चुकवणं. ‘व्ही’ दाबलं की कॅरेक्टर कोलांटी घेऊन बाजूला होतं आणि त्या क्षणी त्याला काही लागत नाही. अशा दोन कोलांट्यांपुरता दम असतो, मग तो भरायला वेळ लागतो. नवे खेळाडू दोन्ही कोलांट्या पहिल्याच सेकंदात उडवतात. जमिनीवर लाल वर्तुळ दिसलं तरच दाबा. एवढं एक जमलं तरी तुम्ही अर्ध्या लोकांच्या पुढे आहात.

दोन, शस्त्र. या गेममध्ये पहिली पाच कौशल्यं तुमच्या हातातल्या शस्त्रावर ठरतात. धनुष्य घेतलं की वेगळी पाच, कुऱ्हाड घेतली की वेगळी. म्हणून जे शस्त्र हाताला लागेल ते एकदा वापरून बघा. कौशल्यं एकेक करून उघडतात. सुरुवातीला एक-दोनच बटणं दिसली तर काही चुकलंय असं समजू नका.

तीन, ‘एफ’. बोलायचं, उचलायचं, दार उघडायचं, सगळं याच बटणाने. आणि याच बटणाने पडलेल्या माणसाला उठवायचं. तुमचा जीव संपला की तुम्ही लगेच मरत नाही. खाली पडता आणि पडल्या पडल्या थोडं लढू शकता. जवळच्या कोणीही ‘एफ’ धरून ठेवलं की तुम्ही उठता. कोणी पडलेलं दिसलं तर थांबा आणि उठवा, ओळख असो वा नसो. इथली रीतच तशी आहे.

नकाशावर पोकळ हृदयं दिसतील. ती त्या त्या शेतकऱ्याची, पहारेकऱ्याची कामं; जवळ जाऊन जे दिसेल ते केलं की हृदय भरतं. नारिंगी वर्तुळं म्हणजे त्या घडीला चालू असलेली घटना: डाकू आले, गाडी लुटली, विहीर विषारी केली. हृदय थांबून राहतं, घटना थांबत नाही. दोन्ही समोर असतील तर आधी घटनेकडे धावा. वेपॉइंट दिसला की त्याच्याजवळून जा. एकदा सापडला की पुढे नकाशावरून थेट तिथे पोचता येतं.

पिशवी पटकन भरते. पिशवीच्या कोपऱ्यात सगळा कच्चा माल एकदम कोठारात पाठवायचं बटण आहे, ते रोज दाबा. तांब्याचा दगड, चामडं, लाकूड दुकानदाराला विकून टाकू नका, पुढे लागतं.

मोफत खात्यावर बंधनं आहेत. चॅट मोकळं नसतं, बाजारात सगळ्याच वस्तू घेता-विकता येत नाहीत. फुकट खाती उघडून जाहिराती ओतणाऱ्यांना आवर घालायला ती आहेत. पहिले काही आठवडे त्यांचा त्रास होत नाही.

शक्य असेल तर पहिल्याच संध्याकाळी शॅडो बिहेमथ बघा. क्वीन्सडेलच्या गॉडस्लॉस्ट दलदलीत तो दर दोन तासांनी येतो. भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी सव्वासात, मग सव्वानऊ, मग सव्वाअकरा. दहा मिनिटं आधी पोचा. दलदल रिकामी असते, मग एकेक जण येऊन उभा राहतो. कोणाचे पंख चमकत असतात, कोणाच्या तलवारीतून ठिणग्या पडतात, आणि मधेच तुमच्यासारखा साध्या कपड्यांतला एखादा. वेळ झाली की जांभळे दरवाजे उघडतात, ते फोडायचे. मग चिखलातून छातीपर्यंत एक सावलीचा डोंगर उठतो. मधेच त्याला काहीच लागेनासं होतं. तेव्हा त्याच्यावर बाण वाया घालवू नका, पुन्हा उघडलेल्या दरवाजांकडे पळा. संपल्यावर पेटी उघडायला विसरू नका, बरेच नवखे नाचत उभे राहतात आणि पेटी राहून जाते.

या गर्दीत एक गोष्ट मुद्दाम करा. लोकांच्या डोक्यावरची नावं वाचा. कुठलं नाव लक्षात राहिलं, कुठलं वाचताच आलं नाही, कुठलं बघून त्या माणसाशी बोलावंसं वाटलं, याची मनात नोंद ठेवा. नाव ठेवायची खरी तयारी इथे होते.

आता नाव

दहाव्या पातळीच्या आसपास तुमची स्वतःची कथा सुरू होते. तोवर चाचणीचं कॅरेक्टर चालवा. कुठली रेस आवडते, लांबून लढायला आवडतं की जवळून, हे एव्हाना कळलेलं असतं. आता दुसरी जागा उघडा आणि खरं कॅरेक्टर बनवा.

चौकटीचे नियम थोडकेच. तीन ते एकोणीस अक्षरं, मधली मोकळी जागाही त्यात धरली जाते. आकडे चालत नाहीत. देवनागरी चालत नाही, रोमन लिपीतच लिहावं लागतं. एक नाव एकाच खेळाडूचं. कोणी आधी घेतलं असेल तर तुम्हाला मिळणार नाही. इतकी वर्षं चाललेल्या गेममध्ये एका शब्दाची सोपी नावं बहुतेक गेलेली असतात, म्हणून दोन शब्दांची तयारी ठेवा.

आणि इथेच मराठी माणसाला मोठी सोय आहे, जी फारसं कोणी वापरत नाही. आपल्याकडे नावं करायच्या तऱ्हा इतक्या आहेत की प्रत्येक रेसला एकेक सहज वाटून देता येते.

ह्यूमन घ्या. त्यांची पद्धत नाव आणि आडनाव अशी आहे: लोगन थॅकरे (हो, स्पेलिंग आपल्याकडच्या आडनावाचंच), कॅसमीर मीड, मार्जरी डेलाक्वा. आपण गावाला ‘कर’ जोडून आडनाव करतो, तेच इथल्या गावांना जोडा. शेमूरला पहिली लढाई लढलात, मग तुम्ही शेमूरकर. ‘रेवा शेमूरकर’ रोमनमध्ये सोळा अक्षरांत बसतं. क्वीन्सडेलमध्ये बीटलटन नावाचं गाव आहे, तिथला ‘बीटलटनकर’ झाला. जर्मनीतल्या खेळाडूला तो शब्द नुसता भारदस्त वाटेल, आणि मराठी माणूस दिसला तर तो थांबून हाक मारल्याशिवाय राहणार नाही. शिवाय अशी नावं सहसा मोकळी सापडतात. कॅरेक्टर बनवताना गेम विचारतो, तुम्ही रस्त्यावर वाढलात, सामान्य घरात की उमरावांच्या वाड्यात. रस्त्यावर वाढलेल्याला आडनाव देऊच नका. एका शब्दाचं टोपणनाव त्याला शोभतं.

चार्रचं वेगळं. त्यांच्यात घराणं नसतं, वॉरबँड असतो, म्हणजे लहानपणापासून एकत्र वाढलेली लढाऊ तुकडी, आणि आडनाव त्या तुकडीच्या नावावरून पडतं. स्टोन वॉरबँडमधला रिटलॉक ब्रिमस्टोन झाला आणि क्रेशिया स्टोनग्लो. म्हणजे आधी तुकडीचा शब्द ठरवा, मग त्याच्याभोवती आडनाव बांधा. ‘वाघनख’ हा शब्द तर त्यांच्यासाठीच घडवल्यासारखा आहे. तुकडी ‘वाघ’, एक जण वाघनख, दुसरा वाघदरे, तिसरा वाघझेप. मित्रांचा गट असेल तर सगळ्यांनी चार्र घेऊन एकाच तुकडीची नावं ठेवा. चौघं एकत्र धावत गेले की नावांवरूनच कळतं हे एका घरचे आहेत. पहिलं नाव आखूड आणि टणक ठेवा, गुरगुरल्यासारखं.

नॉर्न माणूस पराक्रमावर जगतो. आई किंवा बापाच्या नावावरून ओळख सांगायची रीत त्यांच्यात आहे. ऐर स्टेगालकिन या बाईचा मुलगा ब्राहम स्वतःला ऐरसन म्हणवतो. पण मराठी नावाला त्यांचा ‘सन’ चिकटवू नका, धड ना इकडचं ना तिकडचं होतं. डोंगरातल्या माणसांना डोंगराची नावं द्या. साल्हेर, तोरणा, हरिहर यांच्यात वजन आहे. ‘अलंग कुलंग’ हे दोन किल्ल्यांचं जोडनाव मला सगळ्यात आवडतं. ज्याने तिथला कडा चढलाय त्याला त्या नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

सिल्वारीपाशी मात्र जरा बसा. हे लोक पेल ट्री नावाच्या एका महावृक्षापासून जन्मतात, त्यांना आईबाप नाहीत, म्हणून आडनावही नाही. कॅथी, ट्राहर्न, कॅनाक, नीव अशी एकेरी, केल्टिक वळणाची नावं त्यांची. कॅरेक्टर बनवताना गेम विचारतो की तुम्ही कुठल्या प्रहरी जागे झालात: पहाट, दुपार, सांज की रात्र. पहाटेचे बोलण्यात कुशल, दुपारचे लढवय्ये, सांजेचे अभ्यासू, रात्रीचे गुपितं सांभाळणारे. आता आपल्या अंगणातली, बांधावरची फुलं आठवा. आपल्याकडेही प्रत्येक फुलाची उमलायची वेळ ठरलेली आहे. ‘दुपारी’ नावाचं लाल फूल पावसाळ्यात भर दुपारी उमलतं. दुपारच्या लढवय्याला याहून नेमकं नाव कुठून आणणार? गुलबक्षी दिवस कलायला लागला की उघडते, ती सांजेची. रातराणी रात्रीची, त्यात सांगायचं काही नाही. गारवेल सकाळच्या उन्हात फुलते आणि ऊन चढलं की मिटते, ती पहाटेची. प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे गळतो, म्हणून त्याला कुठे घालायचं ते तुम्ही ठरवा. मी त्याला रात्रीत धरतो, कारण तो आपलं काम कोणी उठायच्या आत उरकतो. फुलाचं नाव ठरलं की अंगाचा रंग, पानांचा रंग त्यावरून निवडा. सिल्वारींच्या त्वचेला रात्री उजेड असतो आणि त्याचाही रंग निवडता येतो. गुलबक्षीला गुलाबी-जांभळा, प्राजक्ताला पांढरा आणि त्यात देठाचा केशरी. एवढं जुळवलंत की नाव आणि रूप एकमेकांना सोडत नाहीत. एकेरी शब्द गेलेला असेल तर पुढे प्रहर जोडा: ‘गारवेल पहाट’.

असुरांची नावं छोटी आणि जोडाक्षरांची: झोज्जा, स्नाफ, व्हेक, गोर. रोमनमध्ये अक्षर दोनदा येतं. यांना घरातली लाडाची नावं बसतात. ठकी, चिंगी, चिक्कू, गट्टू. पुढे हवं तर हुद्दा जोडा, कारण असुराला स्वतःची पदवी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. ‘गट्टू गणिती’ हे नाव त्यांच्या कॉलेजात सहज खपून जाईल.

एंटर दाबण्याआधी

नाव सुचलं की लगेच पक्कं करू नका. आधी ते रोमनमध्ये कागदावर लिहा आणि मराठी न येणाऱ्याच्या नजरेने वाचा. ‘मोर’ लिहिलंत तर तो इंग्रजी ‘अजून’ वाचणार. ‘रान’ म्हणजे ‘पळाला’, ‘बाग’ म्हणजे पिशवी. ‘ळ’ आणि ‘ण’ रोमनमध्ये हरवतात, म्हणून ज्या नावाची सगळी गंमत त्या अक्षरात आहे ते सोडून द्या. ‘ध’, ‘भ’, ‘घ’ लागोपाठ आले की परक्या माणसाची जीभ अडखळते. एका नावात असं एखादंच अक्षर ठेवा.

दुसरं, हाक मारून बघा. गर्दीच्या लढाईत कोणी पूर्ण नाव टाइप करत नाही, पहिली चार-पाच अक्षरंच येतात. ‘रेवा, डावीकडे’ हे सेकंदात लिहून होतं. पहिला शब्द लांबलचक असेल तर लोक स्वतःच तोडतात, आणि तोडून जे उरतं ते तुम्हाला आवडेलच असं नाही.

तिसरं, नाव मिळत नाही म्हणून अक्षरांवर टिंब, टोप्या आणि मात्रा असलेली युरोपीय अक्षरं वापरायची युक्ती बरेच जण सांगतात. गेम ती घेतो. पण मग तुम्हाला निरोप पाठवताना किंवा पार्टीत (एकत्र खेळायच्या छोट्या गटात) बोलावताना समोरच्याला ते अक्षर कीबोर्डवर सापडत नाही. मागे-पुढे उगाच ‘एक्स’ लावणं त्याहून वाईट. नाव गेलेलं असेल तर दुसरा शब्द बदला.

चौथं, नावांची चाळणी अक्षरांचा क्रम बघते, अर्थ बघत नाही. एखाद्या सरळ मराठी नावाच्या पोटात इंग्रजी शिवी लपलेली असू शकते. दीक्षित आडनावाच्या लोकांना इंटरनेटवर हा अनुभव नवा नाही. नाव नाकारलं गेलं तर आधी स्पेलिंगकडे बघा.

आणि पाचवी गोष्ट मी कळकळीने सांगतो. देवांची, संतांची, महाराजांची नावं ठेवू नका. ठेवताना भक्तीच असते, हे मला माहीत आहे. पण हे कॅरेक्टर चिखलात पडणार, कड्यावरून कोसळणार, कोंबडीच्या वेषात नाचणार. चॅटमध्ये कोणी लिहिणार की अमुक मेला, त्याला सोडा आणि पुढे चला. आपल्याला जे नाव उच्चारताना हात जोडावेसे वाटतात ते तिथे वाचवणार नाही. किल्ल्यांची, फुलांची, गावांची नावं पुरेशी आहेत.

जवळच्या कोणाचं, हयात नसलेल्या आजीचं वगैरे नाव ठेवायचं मनात असेल तर पूर्ण नाव न घेता घरात तिला ज्या नावाने हाक मारायचे ते घ्या. ओळखही उघडी पडत नाही आणि ते नाव जास्त आपलं असतं.

नाव ठेवल्यावर

कथेत बोलणारी पात्रं तुमचं नाव तोंडाने घेत नाहीत. सुरुवातीला ह्यूमनला ‘शेमूरचा हिरो’ म्हणतात, पुढे सगळेच ‘कमांडर’ म्हणू लागतात. म्हणजे तुमचं नाव घेणार ती खरी माणसं: पार्टीतली, गिल्डमधली, दलदलीत शेजारी उभी असलेली. गिल्डमध्ये गेलात की नावापुढे कंसात गिल्डची चार अक्षरांपर्यंतची खूण लागते. गिल्ड निवडताना तीही नावाबरोबर वाचून बघा.

पूर्वायुष्याच्या प्रश्नांची उत्तरं, रेस आणि प्रोफेशन नंतर बदलता येत नाहीत. चेहरा आणि केस बदलता येतात, त्यासाठी जेम नावाच्या चलनातून वेगळी किट घ्यावी लागतात. नावही बदलता येतं, त्यासाठी नेम चेंज काँट्रॅक्ट जेम देऊन घ्यावं लागतं. विकतचं खातं असेल तर गेममधलं सोनं साठवून जेम घेता येतात, खिशातले पैसे घालायलाच हवेत असं नाही. पण नवख्याला तेवढं सोनं जमवायला बराच काळ लागतो.

चाचणीचं कॅरेक्टर लगेच पुसू नका. त्याच्या पिशवीतला कच्चा माल आधी कोठारात पाठवा, बँकेत ठेवण्यासारखं काही असेल ते ठेवा. बँक आणि कोठार सगळ्या कॅरेक्टरना मिळून एकच असतं. पुढे पॅक घेतलं की पाच कॅरेक्टरची जागा होते, तेव्हा पुसायची गरजही उरत नाही. त्याच पॅकबरोबर थेट ऐंशीव्या पातळीवर नेणारा बूस्ट मिळतो. तो पहिल्या कॅरेक्टरवर वापरू नका. एकदम तीस-चाळीस कौशल्यं अंगावर येतात आणि कुठलं बटण कशासाठी हेच कळत नाही. एक कॅरेक्टर पायी चालून वर न्या, बूस्ट तिसऱ्या-चौथ्यासाठी ठेवा.

आणि चॅटमध्ये अधूनमधून ‘/age’ (एज, म्हणजे वय) असं टाइप करत जा. कॅरेक्टर किती तासांचं झालं ते गेम सांगतो. दरवर्षी वाढदिवसाला त्या कॅरेक्टरच्या नावावर भेटही येते, ती टपालात तशीच पडू देऊ नका, उघडा.